मैदानाचं उद्यान करा, पण आधी खेळाला जागा द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या मैदानाचं उद्यान होणार, अशी बातमी आपल्या दैनिकाच्या कोकण पानावर वाचली. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत आज हेच चाललं आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते एका गावापुरतं नाही. बातमीत लिहिल्याप्रमाणे मैदानाला चारी बाजूंनी लोखंडी कुंपण होणार, मध्ये कारंजं, कडेने पेव्हर ब्लॉकची पायवाट, हिरवळीचे चौकोन, खुली व्यायामशाळा, मुलांच्या घसरगुंड्या आणि प्रवेशद्वाराशी फोटो काढायला गावाच्या नावाची मोठी अक्षरं. शेवटून दुसऱ्या ओळीत एक वाक्य होतं, ‘कामाला अडथळा ठरणारी काही झाडे काढण्यात येतील.’ हे पत्र मी लिहायला बसलो तो त्या वाक्यामुळे.

मी रोपवाटिका चालवतो. आंब्याची, काजूची, कोकमाची कलमं बांधणं हा आमचा घरचा धंदा. झाडाबद्दल बोलायचा एवढाच माझा अधिकार. उद्यानाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. गावात म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी टेकायला धड जागा नाही, बायकांना तर नाहीच. लहान मुलांना रस्त्यावर सोडायची आता सोय राहिलेली नाही. बाग हवी आहे. पण मैदान मोडून बाग करताना दोन गोष्टी पाळल्या नाहीत, तर गाव एक जागा मिळवून दोन गमावील, असं मला वाटतं. तिथे आज जे खेळतात त्यांना आधी दुसरी जागा द्यायची आणि तिथे आज जी झाडं उभी आहेत त्यांच्याभोवती आराखडा आखायचा, या त्या दोन गोष्टी. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या दिवाळीत मी एका अशाच जागेत बायको, मुलगा, सून आणि नातवाबरोबर अख्खा दिवस काढून आलो.

मुलगा नोकरीसाठी मलेशियात क्वालालंपूरला असतो. आमचा हंगाम पावसाळ्यात. कलमं विकली गेली, भातकापणी उरकली, की आम्हाला घराबाहेर पडता येतं. तिथली ती जुळ्या मनोऱ्यांची इमारत वाचकांनी चित्रात पाहिली असेल. पेट्रोनास टॉवर, ८८ मजले, ४५२ मीटर उंच, काही वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत. सगळे पर्यटक मान वर करून तिचे फोटो काढतात. मुलाने आम्हालाही त्यासाठीच नेलं होतं. मी मात्र त्या मनोऱ्यांच्या पायथ्याच्या बागेत अडकलो आणि संध्याकाळपर्यंत तिथून हललो नाही.

ती बाग पूर्वी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होती. सेलांगोर टर्फ क्लब १८९६ सालचा, इंग्रजांच्या अमदानीतला. आम्पांग रस्त्यालगत त्यांची सुमारे १०० एकर जागा होती आणि तिथे जवळजवळ शंभर वर्षं शर्यती चालल्या. शहर वाढत वाढत मैदानाच्या चहूबाजूंनी आलं. मग सरकारने ठरवलं, की शर्यती शहराबाहेर न्यायच्या आणि या जागेचा नवा उपयोग करायचा. क्लबाला सुंगाई बेसी नावाच्या भागात नवं मैदान मिळालं. जुन्या शंभर एकरांपैकी काहीवर मनोरे, बाजार, कार्यालयं उभी राहिली आणि ५० एकर बागेसाठी मोकळे ठेवले. शहराच्या मधोमध, जिथे जमिनीला सोन्याचा भाव, तिथे पन्नास एकर माती! आणि ही सगळ्यांसाठी खुली आहे. फाटकाशी तिकीट नाही, पावती नाही. आमच्यासारखी पायात साध्या चपला घातलेली माणसं आणि उंची कपड्यांतले कचेरीतले लोक एकाच बाकावर डबा खात होते.

आत शिरल्यावर पहिल्यांदा मी काय पाहिलं असेल, तर झाडांचे बुंधे. आमच्या धंद्यातल्या माणसाला झाडाचं वय बुंध्यावरून कळतं. बागेतली बहुतेक झाडं पंचवीस-तीस वर्षांची, ओळीत आणि घोळक्यात लावलेली, हे दिसत होतं. पण मध्ये मध्ये काही झाडं अशी होती, की ती या बागेच्या वयाची नव्हेतच. घेर दोन माणसांच्या कवेत न येणारा, फांद्या आडव्या पसरलेल्या, फांद्यांच्या बेचक्यांत नेचे आणि आमरी वाढलेल्या. मी मुलाला म्हटलं, ‘ही झाडं इथं आधीपासूनची आहेत.’ त्याने फोनवर शोधून वाचून दाखवलं. बाग करताना टर्फ क्लबाच्या काळातली चाळीसेक झाडं राखली होती आणि त्यांच्या जोडीला सुमारे १,९०० झाडं, ७४ जातींची, नव्याने लावली. तीही बहुतेक त्याच मातीतली, त्याच हवेतली.

ही बाग आखणाऱ्या माणसाबद्दल वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. रॉबेर्तो बुर्ले मार्क्स हे ब्राझीलचे. इमारती बांधणारे जगभर नाव काढतात, बागा आखणाऱ्याचं नाव कोण लक्षात ठेवतो? पण हा माणूस स्वतः झाडं गोळा करणारा होता. रिओ शहराजवळ १९४९ साली त्यांनी जागा घेतली आणि तिथे आयुष्यभर जंगलांतून आणलेली रोपं वाढवली, साडेतीन हजारांहून जास्त जातींची. ती जागा त्यांनी १९८५ साली देशाला देऊन टाकली आणि २०२१ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. म्हणजे तसा हा आमच्याच धंद्यातला माणूस. ब्राझीलमध्ये जेव्हा सगळे युरोपातली फुलझाडं आणून बागा सजवत होते, तेव्हा यांनी आपल्याच देशातल्या झाडांच्या बागा केल्या. क्वालालंपूरची बाग त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक. ती पुरी झालेली पाहायला ते उरले नाहीत, १९९४ साली गेले.

इथे मला कोकणातल्या बागांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे उद्यान म्हटलं, की ठेकेदार बाहेरून ट्रक भरून रोपं आणतो. फॉक्सटेल पाम, रॉयल पाम, दुरंता, कोपऱ्यात गुलमोहर आणि बाकी सगळीकडे चटईसारखं अंथरलेलं लॉन. हे लॉन मार्चमध्ये पिवळं पडतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात, वाड्यांवर टँकर येतात, तिथे गवताला पाणी कुठून घालणार? आणि पावसाळ्यात त्याच लॉनमध्ये पाणी साचून ते कुजतं. दोन वर्षांत बाग उघडीबोडकी होते. हवा तीच, उकाडा तोच, माडही तेच, असं असून क्वालालंपूरच्या लोकांनी सावली लावली आणि आपण गवत लावतो. त्यांच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. आपल्याकडे तीन हजारांच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे खोल मुळाच्या, सावलीच्या, आपल्या झाडांची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त.

दुपारी मुलगा आणि सून नातवाला घेऊन पाण्याकडे गेले. बागेत मुलांसाठी उथळ पाण्याचा मोठा तलाव आहे, पोटरीपर्यंत पाणी, वरून धबधब्यासारखं पडणारं. शंभर-दीडशे पोरं त्यात दंगा करत होती, चिनी, मलय, तमिळ, आणि त्यांच्यात आमचा सात वर्षांचा. पलीकडे खेळायची मोठी जागा. हिची गुडघेदुखी असल्यामुळे आम्ही दोघं एका जुन्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसून राहिलो. ही म्हणाली, ‘इथं कुणी उठा म्हणत नाही हो.’ तिच्या त्या वाक्याने मला वाईट वाटलं. आपल्याकडे बाईमाणसाला सार्वजनिक जागी निवांत बसता येत नाही, याची सवय तिला इतकी झाली होती, की न हटकलं जाणं तिला नवल वाटलं. येताना रस्त्यात तिने बकुळीची पडलेली फुलं वेचून ओच्यात घेतली होती. तिकडे रस्त्याकडेला बकुळ लावतात. आपल्या बकुळी आता देवळांच्या आवारातच उरल्या.

त्याच कट्ट्यावर एक म्हातारे तमिळ गृहस्थ येऊन बसले. त्यांना थोडं हिंदी येत होतं, सिनेमांमुळे. आम्ही झाडांकडे बघून बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांचे वडील टर्फ क्लबात मोतद्दार होते. हे लहानपणी पहाटे वडिलांचा डबा घेऊन यायचे. उकाडा व्हायच्या आत घोड्यांना फिरवून आणायचं असे, त्यामुळे सगळं काम अंधारात सुरू व्हायचं. शर्यतीच्या दिवशी आत जायला परवानगी नसे, पण कुंपणाबाहेरच्या झाडावर चढून पोरं शर्यत बघत. हे सांगताना त्यांनी हाताने एक वळण दाखवलं, घोडे इथून असे वळायचे म्हणून. आता तिथे लोक धावत होते. बागेभोवती पळणाऱ्यांसाठी १.३ किलोमीटरचा मऊ रबरी मार्ग केला आहे, त्यावर पाट्या लावून अंतर लिहिलं आहे. मी त्यांना विचारलं, मैदान गेल्याचं वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, मैदान गेलं नाही, वडिलांना तिकडे नव्या जागी काम मिळालं, घोडेही तिकडे गेले. मग थोडं थांबून म्हणाले, पण पहाटेचा तो वास गेला.

संपादक महोदय, त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातलं मला सगळ्यात जास्त पटलं ते ‘तिकडे नव्या जागी काम मिळालं’ हे. शर्यती बंद पाडून तिथे बाग केली नव्हती. शर्यतींना जागा दिली होती. घोड्यांच्या शर्यती हा पैजेचा खेळ, मला त्याचं प्रेम नाही. पण त्यावर पोट असणारे मोतद्दार, गवत पुरवणारे, नालबंद यांना वाऱ्यावर सोडलं नव्हतं. आमच्या मैदानावर खेळणाऱ्यांबद्दल त्या बातमीत एक शब्द नव्हता.

आता त्या मैदानावर कोण येतं, ते ऐका. पहाटे साडेपाचला पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावतात. भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. आजूबाजूच्या वाड्यांतून ही मुलं सायकलने, कुणी दुचाकीवर तिघं बसून येतात. आमच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी याच मैदानावर धावून पोलिसात लागली. तिच्या घरात पगार आणणारं ते पहिलं माणूस. सकाळी शाळेची मुलं. संध्याकाळी कबड्डीचे दोन संघ सराव करतात. कोकणात कबड्डीला काय मान आहे हे मी वेगळं सांगायला नको. मंडळामंडळांचे सामने रात्री दिव्यांच्या झोतात होतात, मुंबईहून चाकरमानी येतात. टेनिस बॉल क्रिकेटचे सामने डिसेंबरपासून मेपर्यंत. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टचं झेंडावंदन तिथेच. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी तिथे नाचते आणि होम पेटतो तोही तिथेच. पावसाळ्यात त्याच मैदानात गुरं चरतात. इतक्या माणसांचं ते मैदान आहे. ‘खुली व्यायामशाळा’ म्हणजे लोखंडाची पाच-सहा यंत्रं लावली, की यातलं काय भरून निघणार?

पेव्हर ब्लॉकच्या पायवाटेवर धावून बघावं. गुडघे जातात. सोळाशे मीटर धावायला वळणं मोठी लागतात, पायाखाली माती लागते. आजचं मैदान लाल मातीचं आहे, जांभ्याची बारीक खडी आणि वर माती, रोजच्या पायांनी बसलेली. ती एकदा खणून वर सिमेंट ओतलं, की पुन्हा तयार व्हायला पिढी जाईल. क्वालालंपूरमध्ये पैसा होता, त्यांनी रबरी मार्ग केला. आपल्याला तेवढा पैसा नको. मातीचा मार्ग ठेवा, कडेने चर काढा, म्हणजे पाणी निघून जाईल. पण वर्तुळ मोठं ठेवा आणि त्याच्या आत कारंजं, पुतळे, चौथरे घालू नका.

दुपारी चारच्या सुमाराला तिथे ढग दाटून आले आणि गडगडाटासह पाऊस सुरू झाला, आपला मृगाचा असतो तसा. लोक पळाले नाहीत. मोठ्या झाडांखाली आणि छतांखाली उभे राहिले. अर्ध्या तासात ओसरला. मी मुद्दाम फिरून पाहिलं, पाणी कुठे जातं ते. झाडांखालच्या मातीत बहुतेक मुरलं होतं, राहिलेलं कडेच्या उतारावरून वाहत होतं. त्या शहरात पूर येतात, ते काही आदर्श शहर नाही. पुराचं पाणी वाहून न्यायला त्यांनी २००७ साली ९.७ किलोमीटरचा बोगदा बांधला, ज्याच्या काही भागातून एरवी मोटारी जातात आणि मोठा पूर आला की पाणी जातं. इतकं करावं लागलं, कारण बाकीचं शहर सिमेंटने झाकलं. आमच्या मैदानाच्या पूर्वेला पऱ्या आहे. जुलैत मैदानातलं पाणी त्या पऱ्याला मिळतं. सगळीकडे ब्लॉक बसवले, तर ते पाणी खालच्या आळीत घराघरात शिरणार. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, त्या आळीतल्या कुठल्याही बाईला विचारा.

झाडांबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण बातमीतलं ‘अडथळा’ हे वर्णन या झाडांना लागू पडत नाही. मैदानाच्या कडेने एक वड आहे, दोन चिंचा, सातवीण आणि समुद्राच्या अंगाला उंडीची ओळ. उंडी हे आपल्या किनाऱ्याचं झाड. खारा वारा तिला बाधत नाही. पानं जाड, चकचकीत, थंडीत पांढरी सुवासिक फुलं. पूर्वी तिच्या बियांचं तेल दिव्यात जळायचं, होड्यांना लावायचे, सांधेदुखीवर चोळायचे. माझ्या आजीकडे त्याची बाटली असायची. या झाडांच्या सावलीत कबड्डीचे सामने बघायला लोक बसतात. मला कुणी विचारलं, की नव्या बागेत काय लावू, तर मी हीच सांगेन. जी लावायला हवीत ती आधीच उभी आहेत आणि ती तोडून आपण पामचं रोप विकत आणणार.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात वादळ आलं आणि दोन्ही अंगांना माडा-पोफळींची आगरं झोपली. एका दुपारीत पन्नास पन्नास वर्षांची मेहनत आडवी झाली. माझ्या रोपवाटिकेचं शेडनेट सापडलंही नाही. त्या दिवशी गावात काय पडलं आणि काय उभं राहिलं, हे मी दुसऱ्या दिवशी फिरून पाहिलं. रस्त्याकडेची, बुंध्यापर्यंत काँक्रीट केलेली, मुळं तोडलेली झाडं उन्मळून पडली होती. मैदानावरची उंडी फांद्या मोडून उभी होती. वडाची एक फांदी गेली, वड राहिला. मुळांना जागा मिळाली, की झाड वादळ झेलतं. उद्या आराखड्यातून ‘झाडं राखली’ असं म्हणून त्यांच्या बुंध्याभोवती सिमेंटचे गोल कट्टे बांधले, तर पुढच्या वादळात तीच झाडं लोकांच्या अंगावर येतील. कट्टा बांधायचा तर बुंध्यापासून लांब, जांभ्याचा, मातीत रचलेला गडगा बांधावा. त्यातून पाणी जातं, हवा जाते.

कायदा काय सांगतो हेही लिहितो, कारण आमच्याकडे अनेकांना ते माहीत नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. असं झाड तोडायचं झालं, तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी रोपं भरपाईत लावायची आणि सात वर्षं जगवायची. आमच्या वडाचं वय शंभराच्या पुढे आहे, हे गावातला कोणीही सांगेल. तेव्हा त्या एका वडासाठी शंभर रोपं लावायला जागा कुठे आहे, हे आधी दाखवा. दुसरं म्हणजे, विकास आराखड्यात जागेवर ‘क्रीडांगण’ असं आरक्षण असेल, तर ते परस्पर ‘उद्यान’ करता येत नाही. नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्याला एक महिन्याची मुदत असते. ज्यांच्या गावात असा बदल होतो आहे, त्यांनी नगरपरिषदेत जाऊन आराखड्याचा नकाशा बघायला मागावा. तो बघण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

मोठ्या शहरांतल्या गोष्टी लहान गावाला कशाला सांगता, असं कुणी म्हणेल. मुंबईचंच बघा. महालक्ष्मी रेसकोर्सची जागा २११ एकर. त्यातले १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेला देण्याचं २०२४ मध्ये ठरलं, आणि उरलेल्या जागेत शर्यती चालूच राहणार. घोड्यांना जागा राखून बाग करता येते, तर भरतीच्या पोरांना आणि कबड्डीच्या संघांना जागा राखून का येऊ नये? त्यांच्यामागे क्लब नाही, वकील नाही, म्हणून?

एक आठवण माझ्या पिढीच्या वाचकांसाठी. ढाक्याचं रमणा रेसकोर्स आम्ही रेडिओवर ऐकलं होतं. तिथे ७ मार्च १९७१ रोजी शेख मुजीबुर रहमान यांचं भाषण झालं आणि त्याच मैदानावर १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. आज तिथे सुहरावर्दी उद्यान आहे. मोकळं मैदान होतं म्हणून तिथे लाखो माणसं मावली. गावाला सुखदुःखात एकत्र यायला अशी एक जागा लागते. वादळानंतर मदतीचे ट्रक आमच्याकडे याच मैदानावर आले होते, ताडपत्र्या आणि तांदूळ इथेच वाटले गेले. कुंपण, कारंजी आणि चौकोन केल्यावर पुढच्या वेळी हे ट्रक कुठे उभे राहणार?

आता माझं म्हणणं थोडक्यात आणि व्यवहाराचं. गावाच्या वरच्या सड्यावर सरकारी पडीक जागा आहे, कातळाची, सपाट. तिथे भराव टाकून, माती बसवून मैदान होऊ शकतं, रस्ता आहे, वीज आहे. ते आधी करा. मुलं तिथे धावायला लागली, सामने व्हायला लागले, की मग जुन्या जागेवर बाग सुरू करा. तोपर्यंत हात लावू नका. बागेतही मधलं मोकळं अंगण पालखीसाठी आणि झेंड्यासाठी ठेवा आणि कडेने म्हाताऱ्यांसाठी, बायकांसाठी, लेकुरवाळ्यांसाठी सावलीत बसायची जागा करा. रात्री दिवे हवेत आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, ते कारंज्याच्या आधी हवं. तिकीट नको. हा सगळा खर्च आताच्या अंदाजपत्रकापेक्षा कमीच होईल, असा माझा हिशेब आहे, कारण ब्लॉक आणि कारंजं यांतच निम्म्याहून अधिक पैसे जातात.

ज्यांनी हा आराखडा केला ती माणसं माझी शत्रू नाहीत. त्यांतल्या काहींना मी लहानपणापासून ओळखतो, ती याच मैदानावर खेळली आहेत. त्यांना गावासाठी काही करायचं आहे, यावर माझा विश्वास आहे. त्यांनी एकदा संध्याकाळी पाच ते सात त्या मैदानावर बसावं, नकाशा हातात घेऊन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं, तू उद्यापासून कुठे जाशील?

मी माझ्याकडून एवढं देऊ शकतो. उंडी, सुरंगी, बकुळ, करंज, सातवीण, जांभूळ यांची चांगली वाढलेली रोपं माझ्याकडे आहेत, बागेला लागतील तेवढी मी विनामूल्य देईन आणि पहिले तीन पावसाळे मी स्वतः त्यांची देखरेख करीन. फक्त जागा कुठल्या ते एप्रिलअखेर कळवावं. दोन बाय दोन बाय दोनचे खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापवावे लागतात, मग शेणखत आणि पालापाचोळा घालून मृगाच्या आत भरावे लागतात. मजूर तेव्हा आंब्याच्या कामात असतात, त्यामुळे आधी सांगितलं तरच जमतं.

आपला,
एक रोपवाटिकाचालक, कोकण
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.)